वृद्धांचे पडणे आणि दूरस्थ काळजी तंत्रज्ञान : ब्रिटनमधील अनुभव

वृद्धापकाळातील पडणे ही सार्वजनिक आरोग्याची गंभीर समस्या आहे. पडल्याने होणाऱ्या दुखापतीइतकेच मदतीविना जमिनीवर पडून राहणेही घातक ठरते. तासाहून अधिक काळ असे पडून राहिल्यास शरीराचे तापमान घटणे, निर्जलीकरण, त्वचेवर दाबाच्या जखमा तसेच स्नायूंची हानी होऊन मूत्रपिंडास इजा होणे असे धोके संभवतात. प्रस्तुत लेखात हा काळ कमी करण्यासाठी ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'टेलिकेअर' व्यवस्थेचे विवेचन केले आहे. ही व्यवस्था पडणे टाळत नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे.

तिचे मूळ रूप साधे आहे. गळ्यातील किंवा मनगटावरील बटण दाबताच टेलिफोनला जोडलेल्या यंत्रामार्फत मदत केंद्राशी संपर्क होतो. तेथील कर्मचारी विचारपूस करून नातेवाईक, शेजारी अथवा रुग्णवाहिकेस कळवितो. पडल्याची नोंद आपोआप घेणारी उपकरणेही उपलब्ध आहेत. मात्र खुर्चीवरून हळूहळू घसरलेली व्यक्ती त्यांच्याकडून निसटू शकते, आणि कोणी धपकन खाली बसले तर विनाकारण इशाराही जातो.

केंब्रिज येथील फ्लेमिंग व ब्रेन यांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. त्यांनी नव्वदी ओलांडलेल्या ११० व्यक्तींचा वर्षभर पाठपुरावा केला. त्यांपैकी ६६ जण पडले. यातील ५३ जणांना किमान एकदा स्वतःहून उठता आले नाही, तर २० जण तासभर वा अधिक काळ जमिनीवर पडून राहिले. बटणाची सोय अनेकांकडे होती. तरीही दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगी तिचा उपयोग झाला नाही. काहींना या सोयीची गरजच वाटत नव्हती, काहींना बटण अंगावर बाळगण्याची सवय नव्हती, तर काहींनी ते जाणीवपूर्वक दाबले नाही. उपकरण बसवून देणाऱ्या यंत्रणा या शेवटच्या गटाचा विचार क्वचितच करतात, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. मदत मागणे म्हणजे स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क गमावणे, ही भीती बटणाने दूर होत नाही.

आता तांत्रिक अडचणीचीही भर पडली आहे. ब्रिटनमधील जुने टेलिफोन जाळे बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरविण्यात आली. जुन्या तारेला टेलिफोन केंद्रातूनच वीज मिळत असे; नवी डिजिटल जोडणी घरातील विजेवर चालते. वीज गेल्यास आपत्कालीन सेवांशी किमान एक तास संपर्क राहावा, अशी तेथील दूरसंचार नियामकाची अपेक्षा आहे. वादळामुळे रात्रभर वीज खंडित झाल्यास एकट्या राहणाऱ्या वृद्धास हा एक तास पुरेसा नाही.