फोडणाऱ्यांचं ऋण

वांग शियाओयुन यांनी १९९३ साली चीनच्या शानदोंग विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे इतरांनी रचलेली हॅश फंक्शनं फोडण्याचा ध्यास घेतला. वरकरणी हे काम विघातक वाटतं. माझ्या मते संगणकीय सुरक्षेत इतकं विधायक काम फार थोड्यांनी केलं आहे. हॅश फंक्शन कितीही मोठ्या फाइलीपासून ठरावीक लांबीची खूण काढतं, जणू तिच्या अंगठ्याचा ठसा. डिजिटल सही प्रत्यक्षात या ठशावर होते. त्यामुळे दोन वेगळ्या फाइलींचे ठसे मुद्दाम जुळवता आले, तर साध्या करारावर घेतलेली सही भलत्याच करारावर चालून जाईल.

रॉन रिव्हेस्ट यांच्या एमडी५ या फंक्शनबद्दल शंका जुन्याच होत्या. ऑगस्ट २००४मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा इथे क्रिप्टो परिषदेत वांग आणि सहकाऱ्यांनी ठसे जुळणाऱ्या फाइलींच्या जोड्याच समोर ठेवल्या. एमडी५ मजकुराचा प्रत्येक तुकडा ६४ पायऱ्यांतून घुसळून काढतं. दोन मजकुरांतला बारीक फरक कोणत्या पायरीवर वाढतो, कुठे विरतो, आणि अखेरीस तो नाहीसा व्हायचा तर कोणता बिट कसा हवा, याचा त्यांनी चिकाटीने माग काढला. मोठे संगणक अनेकांकडे होते, ही नजर नव्हती. २००५मध्ये यिचून लिसा यिन आणि होंगबो यू यांच्यासह त्यांनी शा-१ या दुसऱ्या हॅश फंक्शनचा पाया हलवला: नुसत्या आजमावणीला जेवढे प्रयत्न लागतील, त्याच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके प्रयत्न पुरतील असा मार्ग त्यांनी दाखवला.

असं जाहीर करणं म्हणजे गुन्हेगारांच्या हाती हत्यार देणं नव्हे का? हा आक्षेप गंभीर आहे, पण २०१२मध्ये उघडकीला आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या व्हायरसने त्याचं उत्तर दिलं. त्याने एमडी५मधली हीच उणीव वापरून मायक्रोसॉफ्टची खोटी सही केली होती, आणि त्याची पद्धत तोवर प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही संशोधनात नव्हती. गुपचूप फोडणारे होतेच. उघडपणे फोडणाऱ्यांनी निदान आठ वर्षं आधी सावध केलं होतं. मग इशारा असूनही फ्लेम का साधलं? कारण एमडी५ वापरातून काढायला दिरंगाई झाली, आणि तो दोष संशोधनाचा नाही. जिथे ऐकलं गेलं तिथे फळ मिळालं: अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २००७मध्ये नव्या फंक्शनसाठी खुली स्पर्धा पुकारली आणि २०१२मध्ये केचक निवडलं. स्वतः वांग यांच्या पुढाकाराने चीनचं एसएम३ घडलं. त्याचीही रचना सगळ्यांना तपासता यावी म्हणून प्रसिद्ध केलेली आहे. शा-१ मात्र रेंगाळतच राहिलं. निस्टने ते पूर्णपणे मोडीत काढण्यासाठी ठरवलेली मुदत २०३० अखेरची आहे, वांग यांच्या २००५च्या निबंधानंतर तब्बल पंचवीस वर्षांची.