सात बारा म्हणजे किती?

फोनवर माइकचं बटण दाबून नुसतं ‘सात बारा’ म्हणा. यंत्रानं काय लिहायचं? 7 डिसेंबर ही तारीख, सात वाजून बारा मिनिटं ही वेळ, फोन नंबरातले 712 हे आकडे, की जमिनीचा सातबारा? कानावर पडणारे शब्द चारही वेळा तेच. म्हणजे यंत्रानं अगदी बिनचूक ऐकलं, तरी लिहिताना ते फसू शकतं.

गंमत अशी, की यंत्रं माणसाचं बोलणं ओळखायला लागली ती आकड्यांपासूनच. 1952 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ‘ऑड्री’ तयार झाली. तिला शून्य ते नऊ एवढेच शब्द कळत. तेही थांबत थांबत उच्चारले आणि बोलणाऱ्याच्या आवाजाशी तिची आधी जुळणी केली, तरच. दहा वर्षांनी आयबीएमनं ‘शूबॉक्स’ जगासमोर मांडला. त्याला सोळा शब्द समजत. त्यांतले दहा आकडे, बाकीचे ‘प्लस’, ‘मायनस’, ‘टोटल’ यांसारखे हुकूम. तोंडी सांगितलेली बेरीज तो करून दाखवी.

आज यंत्राला लाखो शब्द कळतात, पण आकड्यांचं काम मात्र ऐकून संपत नाही. ध्वनीवरून शब्द ठरले, की ते शब्दांतच ठेवायचे की अंकांत आणायचे, हा निर्णय उरतोच. त्यात मराठी यंत्राची चांगलीच परीक्षा घेते. ‘पंच्याहत्तर’ आणि ‘पंच्याऐंशी’ यांची सुरुवात सारखी. दशक कुठलं ते शेवटी कळतं. ‘एकोणपन्नास’च्या शेवटी पन्नास ऐकू येतात, पण लिहायचे असतात 49. ‘दीडशे’ म्हणजे 150, ‘पावणेतीनशे’ म्हणजे 275, आणि ‘सव्वा लाख’ म्हटलं की 1,25,000. ‘साडेतीन’चंही तसंच: पुढे ‘वाजता’ आलं तर 3:30, ‘हजार’ आलं तर 3,500, आणि ‘मुहूर्त’ आलं तर अंकाला हातच लावायचा नाही. ‘3.5 मुहूर्त’ कोण वाचेल?

म्हणून यंत्र आकड्याच्या शेजारपाजारचे शब्द तपासतं. ‘सात बारा’नंतर ‘उतारा’ आला, तर प्रश्न मिटला. ‘पाच सहा’नंतर ‘जण’ आले, तर मध्ये छोटी रेघ: 5-6. बोलता बोलता पडद्यावरचा आकडा अचानक बदलतो, तो बहुधा याचमुळे. पुढचा शब्द आल्यावर आधीचा अंदाज दुरुस्त होतो. तारीख सांगताना महिना नावानं सांगितला, तर यंत्राचं निम्मं काम आपणच केलेलं असतं.

तरीही काही पेच शेजारचा शब्द पाहूनच सुटत नाहीत. थोडं जग माहीत असावं लागतं. ‘कामाचे तीन तेरा वाजले’ यात घड्याळात 3:13 झालेले नसतात. ‘सतराशे साठ भानगडी’ कुणी मोजलेल्या नसतात. पण ‘सतराशे एकसष्टचं पानिपत’ म्हटलं, की नेमकं 1761 लिहायला हवं, आणि ‘सतराशे एकसष्टचं बिल’ असेल तर 1,761. हा एक स्वल्पविराम बरोबर पडायचा, तर पानिपत दुकानात मिळत नाही, हे यंत्राला कुठून तरी कळलेलं असावं लागतं.