आधी काय मोडावं?

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आमच्या दवाखान्यात येणाऱ्या फोनांचं मूळ बहुतेक वेळा फराळाच्या डब्यात असतं. दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या सकाळी एक काका रुमालाची पुरचुंडी घेऊन आले. उलगडली, तर आत वरच्या जबड्याचा सुळा. ॲक्रिलिकचा, मुळाशी गुलाबी हिरडीचा कपचा चिकटलेला. "डॉक्टर, एवढा पैसा ओतून बसवलेले दात, आणि चकलीनं हरवले?"

काकांच्या वरच्या जबड्यात हाडात रुतवलेले चार इम्प्लांट, आणि त्यांवर स्क्रूनं आवळलेला सलग बारा दातांचा ब्रिज. मी दातांमधली स्क्रूची भोकं उघडली, आतली पांढरी टेप काढली (नळवाले वापरतात तीच ही टेप, आमच्याकडे नुसती निर्जंतुक केलेली), चार स्क्रू सोडवले आणि ब्रिज मागच्या लॅबमध्ये दिला. पावडर, लिक्विड, नाकात झोंबणारा तो वास, प्रेशर पॉट, पॉलिश. दीड तासात काका पुन्हा बत्तिशी दाखवत घरी गेले.

त्याच आठवड्यात एक मावशी आल्या. दुसरीकडे कुठेतरी बसवलेला त्यांचा अख्खा झिर्कोनियाचा ब्रिज मागच्या दाढेपाशी तडकला होता. झिर्कोनिया ॲक्रिलिकपेक्षा किती मजबूत? वाकवून मोडायला लागणारा ताण मोजला, तर ॲक्रिलिकचा आकडा शंभर मेगापास्कलच्या आसपास घुटमळतो, चांगल्या झिर्कोनियाचा हजाराच्या. दहापट. पण या दहापट मजबूत वस्तूला दीड तासाची दुरुस्ती नाही. तडा भरता येत नाही, जोड देता येत नाही. ब्रिज नवा करायचा. मावशींनी ती दिवाळी तात्पुरत्या दातांवर, भिजवलेल्या शंकरपाळ्यांवर काढली.

संपूर्ण जबड्याचे दात कशाचे करावेत, हा प्रश्न रुग्ण मला "सगळ्यात मजबूत काय?" असा विचारतात. बरीच वर्षं मीही त्याच भाषेत उत्तर देत असे. आता विचारतो, की एक ना एक दिवस काहीतरी मोडणारच आहे, तर आधी काय मोडलेलं तुम्हाला परवडेल? दात, चिनी मातीचा थर, सिमेंट, स्क्रू, इम्प्लांट की त्याभोवतीचं हाड? घरात शॉर्टसर्किट झालं तर वायरिंग जळण्याआधी फ्यूज उडावा, एवढंच गणित आहे. पण इम्प्लांटच्या जाहिरातींत फ्यूजविषयी कोणी बोलत नाही.

या सगळ्याची सुरुवात स्वीडनमध्ये, आणि दातांशी संबंध नसलेल्या कामातून झाली. पेर-इंगवार ब्रानेमार्क हे संशोधक १९५०च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमची छोटी दुर्बीण-डबी हाडात बसवत असत. काम झाल्यावर ती महागडी डबी परत काढायला गेले, तर निघेना. हाडानं तिला आपलंसं केलं होतं. १९६५ साली त्यांनी यस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते इम्प्लांट कामात होते. १९८१ साली ब्रानेमार्क यांच्या गटानं पंधरा वर्षांचा हिशोब मांडला : ३७१ रुग्ण, ४१० बिनदाती जबडे, २,७६८ इम्प्लांट. १९८२च्या टोरांटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेनंही हे मान्य केलं.

ते दात कशाचे होते? सोन्याच्या मिश्रधातूची ओतीव पट्टी आणि तिच्यावर ॲक्रिलिकचे दात. म्हणजे आज ज्याला आपण "साधं, तात्पुरतं" म्हणून नाक मुरडतो, त्याच ॲक्रिलिकवर या शास्त्राचा पाया उभा आहे. १९८३ साली रिचर्ड स्कालाक या अभियंत्यानं त्यामागचा तर्कही मांडला. नैसर्गिक दाताभोवती तंतूंची गादी असते, इम्प्लांटभोवती ती नसते, म्हणून चावण्याचा धक्का हाडात जाण्याआधी ॲक्रिलिकनं शोषून घ्यावा. तर्क देखणा आहे. पण ॲक्रिलिकमुळे हाड जास्त टिकतं, असं पुढच्या वर्षांत रुग्णांच्या तोंडात काही ठोसपणे सिद्ध झालं नाही. तरीही हा युक्तिवाद आजही व्याख्यानांतून ऐकू येतो, कारण तो पटकन पटतो. मला ॲक्रिलिक आवडतं ते धक्का शोषतं म्हणून नव्हे. ते स्वतः आधी मोडतं, म्हणून.

त्याचे दोष मात्र लपवण्यासारखे नाहीत. ॲक्रिलिकचे दात झिजतात. समोर स्वतःचे किंवा झिर्कोनियाचे दात असले तर फारच लवकर. हळद, चहा, तंबाखू, पान यांचा रंग पकडतात. पृष्ठभाग मऊ, त्यामुळे कीट साचतं आणि वास धरतो. रात्री दात खाणाऱ्या माणसाच्या तोंडात तर ॲक्रिलिकचा दर काही महिन्यांनी एक हप्ता भरावा लागतो. आणि त्याला जाडी लागते. हिरडीपासून समोरच्या दातापर्यंत पुरेशी उंची नसेल, तर पट्टीवरचा ॲक्रिलिकचा थर पातळ पडतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. आतल्या पट्टीसह हा ब्रिज नीट करायचा तर इम्प्लांटच्या माथ्यापासून साधारण १५ मिलिमीटर जागा हवी. गंमत अशी, की वर्षानुवर्षं कवळी लावून ज्यांचं हाड विरघळलंय, त्यांच्याकडे ही जागा मुबलक असते. ज्यांचे दात नुकतेच काढले, त्यांच्याकडे ती नसते, मग हाड तासून करावी लागते. साहित्याची निवड अशी ऑपरेशनच्या आधीच होऊन गेलेली असते. ब्रिजच्या वेळी "बघू काय घालायचं" म्हणणाऱ्या डॉक्टरांपासून मी चार हात लांब राहतो.

जरा आडवळणानं जातो. ॲक्रिलिक १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. त्याआधी कवळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून भट्टीत कडक केलेल्या रबराच्या असत. अमेरिकेत त्याचं पेटंट एका कंपनीकडे होतं, आणि तिचा खजिनदार जोसाया बेकन परवान्याचे पैसे न भरणाऱ्या दंतवैद्यांना कोर्टात खेचत गावोगाव फिरत असे. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चाल्फंट नावाच्या दंतवैद्यानं त्याला गोळी घालून ठार मारलं. साहित्य निवडलं की ते पुरवणाराही निवडला जातो, याचा इतका रक्तरंजित दाखला दुसरा नसेल. आज गोळ्या चालत नाहीत, पण स्क्रू एका कंपनीचा आणि पेचकस दुसऱ्याचा असला की डॉक्टरांच्या मनात काय काय येतं, ते मला ठाऊक आहे.

आता झिर्कोनिया. क्लापरोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १७८९ साली झिर्कोन खड्यातून झिर्कोनियम हे मूलद्रव्य ओळखलं; झिर्कोनिया हे त्याचंच ऑक्साइड. आपल्याकडे केरळात कोल्लमजवळच्या चवरा किनाऱ्याच्या वाळूत झिर्कोन मिळतं. टायटॅनियमचा कच्चा माल, इल्मेनाइट, तर आपल्या रत्नागिरीच्या काळबादेवीच्या काळ्या वाळूतही आहे. मात्र साध्या झिर्कोनियाचा दात करता येत नाही. भट्टीतून निवताना त्याचे स्फटिक रूप बदलतात, फुगतात आणि तुकडा आपोआप तडकतो. त्यात थोडं यट्रियम ऑक्साइड, म्हणजे यट्रिया, मिसळलं की स्फटिक उष्ण अवस्थेतल्याच रूपात थोपवून धरले जातात. मग तडा जाऊ लागला, की नेमके त्याच्या टोकापाशी थोपवलेले कण रूप पालटतात, भिजलेल्या मुगासारखे चारेक टक्के फुगतात आणि भेग दाबून टाकतात. १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी 'नेचर'मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हा शीर्षकात त्याला पोलादच म्हटलं होतं.

लॅबमध्ये ते पाहण्यासारखं असतं. झिर्कोनियाची पांढरी चकती येते ती खडूइतकी मऊ, नखानं ओरखडा पडेल अशी. मशीन तिच्यातून ब्रिज कोरतं तो मुद्दाम मोठा, कारण भट्टीत तो सुमारे वीस-पंचवीस टक्के आक्रसतो. पंधराशे अंशांच्या आसपास तापून, सावकाश निवून बाहेर आला की टेबलावर ठेवताना चिनीच्या बशीसारखा खणखणतो. आमचा टेक्निशियन त्या आवाजावरून माल ओळखतो म्हणतो. माझा त्यावर विश्वास नाही, पण मी वादही घालत नाही.

पण नुसत्या "झिर्कोनिया" या शब्दावर जाऊ नका. यट्रिया तीन मोल टक्के असेल तर माल दणकट आणि थोडा अपारदर्शक. पाच टक्के केलं की दात खऱ्यासारखा उजळ, आरपार दिसतो, पण भेग दाबण्याची ती किमया बरीचशी जाते आणि ताकद जवळपास निम्म्यावर येते. सुंदर दिसणारा ब्रिज आणि टिकणारा ब्रिज, दोन्हींच्या बिलावर नाव एकच. भट्टीचंही तसंच. झिर्कोनियाचे गोळे खुब्याच्या कृत्रिम सांध्यांतही वापरत. २००१ साली एका फ्रेंच उत्पादकाचे गोळे रुग्णांत फुटू लागले आणि परत मागवावे लागले. त्यांच्या भट्टीची पद्धत तेवढी बदलली होती. म्हणून मी रुग्णांना सांगतो, कोणती चकती, किती यट्रिया आणि कोणत्या लॅबची भट्टी, हे लेखी घ्या.

पूर्वी झिर्कोनियाच्या सांगाड्यावर चिनी मातीचे थर चढवत. ते थर सुटायचे. म्हणून आता बहुतेक ब्रिज एकसंध कोरतात आणि ओठांकडच्या बाजूलाच थोडा थर देतात. त्यावर कीट कमी साचतं, रंग चढत नाही. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरच्या दातांना फारसा घासत नाही, खरखरीत सोडलेला मात्र कानशीसारखा वागतो. वजन ॲक्रिलिकच्या पाचपट, पण महिनाभरात सवय होते. आवाजाची सवय काहींना होत नाही. वरखाली दोन्ही झिर्कोनिया असलेले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "जेवताना मुलं बघतात, कपबशा कोण आपटतंय म्हणून." इम्प्लांटला दाब उशिरा कळतो. तोंडात केस आला तर खरा दात लगेच सांगतो, इम्प्लांट तेवढा चटकन सांगत नाही. त्यामुळे माणूस नकळत जास्त जोरानं चावतो, आणि दोन्ही बाजू दगडाच्या असतील तर तो जोर जातो कुठे?

स्क्रूवर जातो, किंवा सिमेंटवर. झिर्कोनियाचा ब्रिज थेट इम्प्लांटवर बसत नाही. त्याच्या पोटात टायटॅनियमच्या छोट्या नळ्या सिमेंटनं चिकटवलेल्या असतात, आणि दणकट झिर्कोनिया शाबूत राहून ही नळीच सुटलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्याहून वाईट म्हणजे आत तुटलेला स्क्रू. तुकडा काढायला बसलं की घड्याळजी बरा म्हणायची वेळ येते.

म्हणून ब्रिज कशाचाही असो, एका तपासणीवर मी तडजोड करत नाही. ब्रिज तोंडात ठेवायचा आणि फक्त एका टोकाचा स्क्रू आवळायचा. दुसऱ्या टोकाला ब्रिज उचलला गेला, फट दिसली, की तो परत. सगळे स्क्रू आवळले तर फट बुजते, रुग्णाला बरंही वाटतं, पण तो ताण कायमचा आत कोंडला जातो. सोन्याच्या ओतीव पट्ट्यांच्या काळात ही फट नेहमीची होती. ओतकाम निवताना वाकडं व्हायचं, मग पट्टी कापून तोंडातच जुळवून पुन्हा डाग द्यायचा. अखंड ठोकळ्यातून कोरलेल्या टायटॅनियमच्या पट्टीनं तो त्रास संपवला. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत झिर्कोनियापेक्षा या कोरलेल्या पट्टीनं जास्त संसार वाचवले, पण ती दिसत नाही, म्हणून तिची जाहिरात नाही.

पीक नावाचं प्लास्टिकही अधूनमधून विचारलं जातं. १९७८ साली ब्रिटनच्या आयसीआयमध्ये ते तयार झालं, मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुळलं. हलकं, लवचिक. पण त्यावर दातांचा थर घट्ट धरत नाही, आणि संपूर्ण जबड्यासाठी दीर्घ काळाचा अनुभव अजून तोकडा आहे. मी ते धातू नको असणाऱ्या मोजक्या रुग्णांपुरतं ठेवतो. थ्रीडी प्रिंटरवरचे रेझिनचे दात तात्पुरत्या ब्रिजसाठी उत्तम. पक्का ब्रिज करण्याआधी काही महिने ते वापरून बघावेत. कुठे झिजतात, कुठे मोडतात, उच्चार कुठे अडतो, हे सगळं ते सांगतात.

डिसेंबरात परदेशातली मंडळी येतात. न्यू जर्सीहून आलेल्या एका जोडप्याला तीन आठवड्यांत दात करून परत जायचं होतं, आणि दोघांनाही झिर्कोनियाच हवा होता. मी विचारलं, तिकडे ब्रिज तडकला तर कोण बघणार? उत्तर नव्हतं. त्यांना टायटॅनियमची पट्टी आणि तिच्यावर सुटे सुटे क्राउन असा ब्रिज सुचवला. एक दात मोडला तर तेवढाच बदलायचा. सोबत इम्प्लांटची कंपनी, स्क्रूचा प्रकार, कोरण्याची फाइल, सगळं एका पेनड्राइव्हवर दिलं. मावशींच्या नव्या ब्रिजलाही हीच पद्धत वापरली. शिवाय मागच्या दाढेचा अधांतरी भाग कमी केला. खांबाबाहेर काढलेली गॅलरी लांबली की स्लॅबला तडा जायचाच, आणि त्यांचा पहिला ब्रिज तिथेच तडकला होता.

काकांना मात्र या वर्षी मीच झिर्कोनियाविषयी विचारलं. दात बरेच झिजलेत, खाली स्वतःचे आहेत, रात्री खातातही. पॉलिश केलेला झिर्कोनिया आणि रात्रीचा गार्ड, असा विचार करायला हरकत नव्हती. मी आवाजाचं, वजनाचं, तडकला तर काय होईल ते सगळं सांगितलं. नमुन्याचा ब्रिज त्यांनी हातात तोलून पाहिला, टेबलावर टकटक वाजवून पाहिला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"आहे त्यातच नवे दात बसवा," ते म्हणाले. "आणि नरकचतुर्दशीची सकाळची वेळ आत्ताच लिहून ठेवा."