विजेचे गिरमिट आणि आपला हात

गेल्या वर्षी ऐन पेरणीच्या दिवसांत आम्ही एका घरी समाचारास गेलो होतो. घरातील कर्ता मुलगा डावा हात गळ्यात बांधून ओटीवर बसला होता. लोखंडी पट्टीला भोक पाडताना विजेच्या ड्रिलने त्याचा हातमोजा ओढून घेतला, आणि मोज्याबरोबर बोटही पिळवटून मोडले. “फादर, हात सांभाळावा म्हणूनच तर मोजा घातला होता,” तो खिन्नपणे म्हणाला. त्याच्या आईने दैवाला बोल लावला. आमच्या मते दोष दैवाचा नव्हता. एक साधी गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती, एवढेच.

पूर्वी सुतार हाताने गिरमिट फिरवी. हात थांबला की हत्यारही थांबे. १८८९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आर्नॉट व ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले. पुढे १९१७ साली अमेरिकेत ब्लॅक व डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबण्याचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. आज तसे यंत्र खेडोपाडी घरोघर दिसते. ते हातात मावते, म्हणून ते हाताच्याच वेगाने चालते असा भास होतो. नेमका हाच भास घातक आहे.

घरगुती ड्रिल मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४६. काही अडकले हे ध्यानात येऊन खटका सोडीपर्यंत पाव सेकंद जरी गेला, तरी तेवढ्यात अकरा फेरे होऊन जातात. मोज्याचा एक धागा गुंतला, तर हात मागे घेण्यास सवडच उरत नाही. म्हणून फिरत्या बिटाजवळ हातमोजा नको, लोंबती बाही नको, गळ्यात पंचा नको. पदर व ओढणी खोचून घ्यावी, केस बांधावेत. धारदार पत्रा उचलताना मोजा अवश्य घालावा, पण यंत्र सुरू करण्यापूर्वी तो काढून ठेवावा. डोळ्यांना मात्र चष्मा हवाच, कारण लोखंडाचा कीस आणि दगडाची कपची थेट डोळ्याकडे उडते.

दुसरी गोष्ट अशी की, ज्या वस्तूला भोक पाडावयाचे ती एका हाताने धरू नये. बिट आरपार निघण्याच्या क्षणी पत्र्यात अडकते आणि पत्राच पात्यासारखा गरकन फिरतो. वस्तू क्लॅम्पने बाकास घट्ट आवळावी, यंत्र दोन्ही हातांनी धरावे, आणि शेवटच्या क्षणी दाब हलका करावा. खटका दाबलेलाच ठेवणारी कळ यंत्र हातात असताना वापरू नये. खटका सोडताच यंत्राचा वीजपुरवठा तुटावा, यातच आपले रक्षण आहे.

बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावा. चकची चावी तशीच राहिली, तर यंत्र सुरू होताच ती गोळीसारखी सुटते. म्हणून ती काढून खिशात ठेवावी आणि मगच प्लग लावावा.

भिंतीचे काम असेल, तर आत वायर कोठून गेली असेल याचा आधी विचार करावा. स्विचच्या बोर्डापासून ती बहुधा सरळ वर, सरळ खाली किंवा आडवी जाते. त्या रेषेत भोक पाडू नये. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची असते, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेण्यास ती पुरेशी आहे. कातडे सोललेली वायर चिकटपट्टीने गुंडाळून काम उरकू नये. विटेची व सिमेंटची धूळ छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडाला धुळीचा मास्क लावावा.

या साऱ्या तयारीस पाच मिनिटे पुरतात. त्या मुलाचे बोट जुळून येण्यास दीड महिना लागला, आणि त्या वर्षीची पेरणी शेजाऱ्यांनी करून दिली. आता त्याच्या घरी ड्रिलच्या पेटीत क्लॅम्प आणि चष्मा ठेवलेला असतो. हातमोजा निराळ्या खुंटीला टांगलेला आम्ही पाहिला. आमच्या वाचकांनीही आजच आपली पेटी उघडून पाहावी.