फायली लावायला कसलं आलंय शिक्षण?

परवा बंगळुरात, जयनगर फोर्थ ब्लॉकच्या कॉम्प्लेक्सपाशी आमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या. त्यांच्या नातीला हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या बीएस्सीला प्रवेश मिळतो आहे आणि घरात कुणालाच ते पसंत नाही. काकू म्हणाल्या, "अगं, फायली लावायला कसलं आलंय शिक्षण? आणि त्यात म्हणे आंतरराष्ट्रीय! दहावी झालेला पोरगा करतो की ते काम."

मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड्स डिपार्टमेंटमध्ये, काढली. हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, अकाउंट्सवाल्यांच्या तोंडून ऐकलंय, माझ्या सख्ख्या दिरांच्याही तोंडून ऐकलंय. दर वेळी उत्तर दिलं, पण भाजीची पिशवी हातात धरून दहा मिनिटांत हे सांगून होत नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी फायली लावण्याचंच बघू. मोठ्या हॉस्पिटलात पेशंटचा नंबर सहा आकडी असतो, समजा ४५-६७-१२. ही फाइल ४५च्या रॅकवर जात नाही, १२च्या रॅकवर जाते. शेवटचे दोन आकडे आधी बघायचे, मग मधले, मग पहिले. याला टर्मिनल डिजिट पद्धत म्हणतात. नवे नंबर ओळीनं वाढत जातात, त्यामुळे एरवी सगळ्या नव्या फायलींची गर्दी शेवटच्या एकाच रॅकवर झाली असती. या पद्धतीत त्या शंभर भागांत सारख्या वाटल्या जातात. फाइल बाहेर गेली की तिच्या जागी ट्रेसर कार्ड राहतं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतून फोन आला की फाइल पाच मिनिटांत वर पोचते ती यामुळे. आणि हा आमच्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

खरं काम पेशंट घरी गेल्यावर सुरू होतं. एक उदाहरण घ्या. साठीपलीकडचे गृहस्थ, पाय काळा पडलेला, गुडघ्याखाली कापावा लागला. डिस्चार्ज समरीत निदानाच्या जागी एकच शब्द: गँगरीन. दहावी झालेला मुलगा हा शब्द संगणकात घालेल आणि आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतून, आयसीडी-१० मधून, त्याला आर०२ हा कोड मिळेल. त्याचं काम संपलं. शिकलेली मुलगी तिथे थांबते. ती लॅबचे कागद उलटते, साखर तीनशेच्या वर दिसते. नर्सिंग चार्टवर इन्सुलिनच्या नोंदी दिसतात. तरीही ती स्वतःच्या मनानं निदान बदलत नाही, तो अधिकार तिचा नाही. ती डॉक्टरांना चिठ्ठी पाठवते: गँगरीन मधुमेहामुळे झालं का? डॉक्टर "हो, टाइप २" असं लिहून सही करतात. आता कोड होतो ई११.५. आर०२ हा कोड नुसत्या लक्षणांच्या प्रकरणात जाऊन पडतो. ई११.५ सांगतो की मधुमेहानं या शहरातल्या माणसाचा एक पाय नेला. अशा हजार पेशंटांचे हजार कोड चुकले, की मधुमेहाच्या दवाखान्याला किती पैसे लागतील याचा हिशेब सरकार चुकीच्या आकड्यांवर मांडतं.

हे कारकुनी काम नव्हे, हे माझं एकटीचं मत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८च्या व्यवसाय-वर्गीकरणात फायली लावणारा कारकून ४४१५ या क्रमांकावर आहे, चौथ्या, म्हणजे कारकुनांच्या गटात. मेडिकल रेकॉर्ड तंत्रज्ञ ३२५२ वर आहे, तिसऱ्या, म्हणजे तंत्रज्ञांच्या गटात. आपल्या संसदेनं २०२१ साली अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट हा वेगळा व्यवसायगट आहे आणि क्लिनिकल कोडरचं नाव त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अलाइड व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण आणि हेल्थकेअर व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची पदवी लागते, असं तोच कायदा सांगतो. तरी हॉस्पिटलात माणसं कमी पडली की सगळ्यात आधी एमआरडीतला शिकलेला माणूस काउंटरवर बसवतात आणि त्याच्या खुर्चीत कुणालाही आणून बसवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजून त्याचा संताप येतो.

आता "आंतरराष्ट्रीय"कडे वळते. काकूंच्या मनात याचा अर्थ परदेशी पाहुण्यांनी येऊन आपल्याला शिकवणं असा आहे.

मूळ गरज साधी आहे. एका आजाराला बंगळुरात एक नाव आणि ब्राझीलमध्ये दुसरं, असं असेल तर दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत. मृत्यूच्या कारणांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी १८९३ साली झाक बर्तियों यांनी मांडली. तीच पुढे आयसीडी झाली आणि १९४८पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. पण यादी सगळ्यांची एक असून भागत नाही, ती वापरणारे हातही सारखे शिकलेले लागतात. रेकॉर्डवाल्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५२ साली लंडनला भरली ती याच जाणिवेतून. १९६८ साली स्टॉकहोमला त्यांचा महासंघ झाला, १९७९पासून त्याचे जागतिक आरोग्य संघटनेशी अधिकृत संबंध आहेत. २०१०पासून तो इफिमा या नावानं ओळखला जातो. त्याचे अभ्यासघटक, संघटनेचं आयसीडीचं ऑनलाइन प्रशिक्षण, आयसीडी-११चं शोधसाधन, सगळं फुकट आहे. जयनगरात बसून मोबाइलवर उघडता येतं. संघटनेच्या पश्चिम प्रशांत कार्यालयानं विकसनशील देशांसाठी मेडिकल रेकॉर्ड्सची एक हस्तपुस्तिका काढली, २००६ साली ती सुधारली. रॅक किती उंच असावा इथपासून अपुरी फाइल डॉक्टरांकडे परत कशी पाठवावी इथपर्यंतचा विचार अशा पुस्तिकेत असतो.

आणि हे नियम परदेशी लोक आपल्यावर लादत नाहीत. आयसीडी-११ला २०१९च्या जागतिक आरोग्य सभेत मंजुरी मिळाली, त्या सभेत भारत सदस्य म्हणून बसतो. जानेवारी २०२४मध्ये त्याच वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या संज्ञांचा भाग आला, त्याचं प्रकाशन दिल्लीत झालं. आरोग्य माहितीचं आपलं केंद्रीय कार्यालय, सीबीएचआय, १९६१ साली स्थापन झालं. त्याची एक क्षेत्रीय शाखा बंगळुरात आहे. दिल्लीचं सफदरजंग आणि पुद्दुचेरीचं जिपमर इथे रेकॉर्ड अधिकारी आणि तंत्रज्ञ यांचे अभ्यासक्रम याच कार्यालयाच्या छत्राखाली चालत आले आहेत. कर्नाटकात मणिपालला या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

काकूंना खरं तर मी मुंबईचं सांगायला हवं होतं. इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ साली मुंबईत कॅन्सरची नोंदणी सुरू केली. एका ठरावीक लोकसंख्येतल्या प्रत्येक रुग्णाची मोजणी करणारी देशातली ती पहिली नोंदणी. तिचे लोक हॉस्पिटलांत जातात, केस पेपर वाचतात, एकच रुग्ण तीन हॉस्पिटलांत गेला असेल तर तो तीनदा मोजला जाऊ नये म्हणून नावं, वयं, पत्ते ताडून बघतात. बंगळुरात किदवई संस्थेत हेच काम १९८२ पासून चालतं. फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था जगभरच्या अशा नोंदणींचे आकडे तपासून खंडांमध्ये छापते, त्यांत आपल्या शहरांचे आकडे असतात. पुढे या संस्थेनं आशियाच्या आपल्या बाजूच्या देशांसाठी प्रशिक्षणाचं प्रादेशिक केंद्र काढायचं ठरवलं, तेव्हा जागा निवडली मुंबईचं टाटा मेमोरियल. २०१२ पासून ते केंद्र तिथे आहे. दक्षिण, पूर्व आणि आग्नेय आशियातल्या देशांना कॅन्सर नोंदणीचं काम शिकवण्याची जबाबदारी परळच्या माणसांवर आहे. आणि आपण विचारतो, फायली लावायला कसलं शिक्षण!

पुण्याचंही तसंच. वैद्यकीय संज्ञांचा स्नोमेड सीटी नावाचा एक कोश आहे, साडेतीन लाखांहून जास्त संकल्पनांचा. भारत २०१४ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला, म्हणून तो कोश आपल्याला फुकट वापरता येतो. देशातलं त्याचं वाटप आणि प्रशिक्षण पुण्याच्या सी-डॅककडे आहे.

दुसरा घोळ "मेडिकल कोडिंग"चा. बसस्टॉपवर आणि खांबांवर जाहिराती दिसतात: तीन महिन्यांत कोडर व्हा. काकूंच्या मुलाला वाटतं की नात हेच शिकणार आहे. तो क्लास बहुतेक अमेरिकी विमा कंपन्यांच्या बिलांसाठी असतो. तिथे आयसीडी-१०ची अमेरिकी आवृत्ती चालते, ती अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि तिच्यात जवळपास सत्तर हजार कोड आहेत. शिवाय प्रोसिजरचे कोड वेगळे. ती प्रामाणिक नोकरी आहे, बंगळुरात हजारो मुलं करतात. पण समोर नसलेल्या पेशंटच्या बिलाला कोड लावणं आणि आपल्या हॉस्पिटलचं संपूर्ण रेकॉर्ड सांभाळणं हे दोन निराळे धंदे आहेत.

"आता सगळं कॉम्प्युटर करेल" हेही रोज ऐकते. एकदा आमच्याकडे सविता नावाच्या बाई दाखल झाल्या, माहेरच्या बेळगावच्या. पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं इथल्या पद्धतीनं इंग्रजीत "टी"पुढे "एच" लावलं आणि आडनावाऐवजी पुढे नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर लिहिलं. दुसऱ्या वेळी बाईंनी मराठी पद्धतीनं आडनावासकट नाव सांगितलं, "एच" नाही. कॉम्प्युटरनं दोन बाया धरल्या, दोन नंबर दिले. पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या फायलीत राहिली आणि नवी फाइल कोरी. एमआरडीतल्या तंत्रज्ञानं जन्मतारीख आणि फोन ताडून दोन्ही एकत्र केल्या, म्हणून पुढचं टळलं. आरोग्य नोंदींसाठी चौदा आकडी आभा क्रमांक आला आहे, तो सगळीकडे वापरला गेला तर हा गोंधळ कमी होईल. पण अपघातात बेशुद्ध आलेल्या माणसाला क्रमांक कुणी विचारायचा? आणि जुळणाऱ्या दोन नोंदी खरोखर एकाच माणसाच्या आहेत की नाहीत, हे ठरवायला शेवटी शिकलेला माणूसच लागतो.

किरकोळ गैरसमज झटपट सांगते.

केस पेपर हॉस्पिटलचे, पेशंटला मागता येत नाहीत: चूक. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात, आणि मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ सालीच पेशंटचा हा हक्क मान्य केला होता.

तीन वर्षं झाली की सगळं रद्दीत: तीन वर्षं ही त्याच नियमांतली किमान मुदत आहे. कोर्टात गेलेल्या केसची फाइल निकाल लागेपर्यंत हलवायची नसते.

मेलेल्या माणसाचं रेकॉर्ड काय कामाचं: यावर मात्र थोडं थांबते.

२०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. आणि त्या दाखल्यांतही "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" एवढंच लिहिलेले फॉर्म मी किती परत पाठवले, त्याची गणती नाही. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. ते कारण नव्हे. मरण्याची रीत लिहू नका, असं फॉर्मवरच छापलेलं असतं. आमच्या फोर्थ टी ब्लॉकमध्येच राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरची मेडिकल कॉलेजं त्याच्याशी जोडलेली. तिथून पदवी घेतलेल्या डॉक्टरनं हा फॉर्म भरायचा आणि एमआरडीतल्या माणसानं तो तपासायचा. दोघांपैकी एकजण जरी हे नीट शिकला नसेल, तरी माणूस कशानं गेला हे कायमचं हरवतं.

रविवारी काकूंची नात घरी आली. आजीनंच पाठवलं होतं. तिला मी मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याचा कोरा फॉर्म, फॉर्म ४, दिला आणि त्या गँगरीनवाल्या गृहस्थांची पुढची हकीकत सांगितली: तीन महिन्यांनी दुसऱ्या पायालाही तेच झालं, जंतू रक्तात पसरले, ते गेले. भाग एक, ओळ अ, ब, क. वर शेवटची घटना, खाली तिच्या आधीची, सगळ्यात खाली जिथून सुरुवात झाली ते. जगभर हीच उतरंड आहे आणि कोडर सगळीकडे याच सरावानं शिकतात. तिनं अ वर सेप्टिसीमिया लिहिलं, ब वर गँगरीन, आणि पेन खाली ठेवलं.

"आणि गँगरीन कशानं झालं?" मी विचारलं.

तिनं फॉर्म परत ओढून घेतला आणि क च्या ओळीवर लिहिलं: मधुमेह, टाइप २. मग मान वर करून म्हणाली, "ताई, किती वर्षांपासून होता, ते कुठे लिहायचं?" त्या ओळीच्या उजवीकडे त्यासाठीच रकाना असतो. मी तिला तो दाखवला.