लाकडी आकारावर चिकटवलेला कागद का फुगतो? डेकूपाज करण्याआधी हे समजून घ्या

रीलमध्ये सगळं तीस सेकंदांत होतं. लाकडी पक्ष्याला गोंद लावला, त्यावर फुलाफुलांचा कागद बसवला, वरून वॉर्निशचा हात फिरवला की भिंतीवर टांगायची वस्तू तयार. घरी तेच करून पाहिलं की कागदाला फुगे येतात, कडा सुटतात आणि पातळ पाटी पापडासारखी वाकते.

यात दरवेळी करणाऱ्याचा हात चुकलेला नसतो. कागद आणि लाकूड पाण्याशी वेगवेगळं वागतात, ही गोष्ट रीलमध्ये सहसा येत नाही.

डेकूपाज म्हणजे काय?

'कापणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. १८व्या शतकात युरोपात आशियाई धाटणीच्या, लाखेचं काम केलेल्या फर्निचरची मोठी हौस होती. पण ते महाग होतं. मग व्हेनिसमधले कारागीर छापील चित्रं कापून लाकडावर चिकटवू लागले आणि वर वॉर्निशचे थर देऊ लागले. या कामाला 'लाक्का पोव्हेरा', म्हणजे गरिबाची लाख, असं नाव पडलं.

आज क्राफ्टच्या दुकानात मिळणारे घर, पान, पक्षी, किल्ल्या अडकवायची पाटी असे आकार बहुतेक एमडीएफचे असतात. लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये मिसळून, उष्णता आणि दाब देऊन हे बोर्ड तयार होतात.

मग फुगे का येतात?

पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते शोषलं की कागदाचे तंतू फुगतात आणि कागद किंचित पसरतो. खालचा बोर्ड मात्र तितका पसरत नाही. जास्तीच्या कागदाला जायला जागा नसते, म्हणून सुरकुत्या पडतात. काही बारीक सुरकुत्या वाळताना आपोआप जातात, कारण पाणी उडालं की कागद पुन्हा आकसतो.

हे आकसणंच पाटी वाकवतं. एकाच बाजूला कागद लावलेला ३ मिलिमीटरचा बोर्ड कागदाच्या बाजूला ओढला जातो. यावर सोपा उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही साधा कागद लावणं. दोन्हीकडून सारखा ताण आला की पाटी सरळ राहते.

कागद कोणता घ्यावा?

पातळ, पण ओला झाल्यावर न फाटणारा. प्लास्टिकचा थर असलेला चकचकीत गिफ्ट पेपर गोंद शोषत नाही, त्यामुळे त्याच्या कडा लवकर सुटतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या चित्राची शाई ओल्या गोंदाने पसरू शकते. लेझर प्रिंटमधला टोनर प्लास्टिकचा असतो, तो सहसा पसरत नाही. जाड हातकागद सपाट पाटीवर छान दिसतो, पण गोलाईवर बसत नाही.

करायचं कसं?

१. पॉलिश पेपरने आकार हलका घासा. एमडीएफची धूळ बारीक असते, म्हणून मास्क लावा आणि हे काम गॅलरीत करा.

२. पांढऱ्या अॅक्रिलिक रंगाचा एक हात द्या. कडांना दोन हात द्या, कारण एमडीएफ सर्वात जास्त पाणी कडांमधून पितं. खाली पांढरा रंग असला की पातळ कागदावरची नक्षीही उठून दिसते.

३. आकार कागदावर ठेवून पेन्सिलने आखा आणि कागद अर्धा सेंटिमीटर मोठा कापा.

४. गोंदात थोडंसंच पाणी घाला. लाकडावर पातळ, एकसारखा थर द्या. कागद मधोमध टेकवा आणि जुन्या एटीएम कार्डाने कडेकडे सारत हवा बाहेर काढा.

५. रात्रभर वाळू द्या. मग कडेवर पॉलिश पेपर वरून खाली ओढा. जास्तीचा कागद कात्रीपेक्षा सफाईने निघतो.

६. पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्या.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत, प्रत्येक थराला जास्त वेळ लागतो. बोटाला चिकट लागत असेल तर थांबा. आतली ओल वॉर्निशखाली अडकली की फुगा नंतर वर येतो.

ही वस्तू कुठे ठेवू नये?

चहाच्या कपाखाली ठेवताना जपून. पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि साधं वॉर्निशही कपाच्या बुडाला चिकटू शकतं. कोस्टर करायचाच असेल, तर उष्णता सहन करणारं वॉर्निश घ्या. मोरीजवळ किंवा बाहेरच्या दाराच्या पाटीसाठी एमडीएफ टाळा, कारण एकदा पाणी पिऊन फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. अशा जागी प्लायवूड बरं, पण त्यालाही वॉर्निश हवंच.

आणि दिवाळीत सर्वात महत्त्वाचं: कागद लावलेल्या स्टँडवर पेटती पणती ठेवू नका. कागद आणि लाकूड दोन्ही पेटतात, वॉर्निशचा थर ते थांबवत नाही. अशा स्टँडसाठी बॅटरीवरचा दिवाच वापरा. खरी पणती मातीच्या किंवा धातूच्या ताटलीत, या सजावटीपासून दूर ठेवा.