स्पूलच्या टेपची तोंडओळख

टेपरेकॉर्डर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॅसेट येते. आमच्या पिढीला तर तीही मामाच्या घरच्या कपाटात पाहिल्यामुळे माहीत. परंतु कॅसेट हे या घराण्यातले शेंडेफळ. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली आणली. तिच्या आधीपासून, आणि तिच्यानंतरही बराच काळ, आकाशवाणीच्या केंद्रांपासून हौशी रसिकांच्या दिवाणखान्यापर्यंत जे यंत्र चालत असे, ते दोन उघड्या चकत्यांचे स्पूलचे यंत्र. डाव्या चकतीवरची फीत उलगडते, मधल्या हेडांना घासून पुढे जाते आणि उजव्या चकतीवर गुंडाळली जाते. सारा कारभार डोळ्यांदेखत. या यंत्राचा नाद ज्यांना लावून घ्यायचा आहे त्यांना चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कोणत्याही ग्रंथालयात मिळेल. डेन्मार्कच्या पॉल्सेनने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज साठवून दाखवला. १९२८ साली जर्मनीत फ्लॉयमर याने कागदाच्या पट्टीवर लोखंडाची पूड बसवली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात एईजी कंपनीचे ‘मॅग्नेटोफोन’ लोकांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही यंत्रे अमेरिकेत पोहोचली आणि तेथून जगभर गेली.

आपल्याकडच्या संगीताच्या दृष्टीने या फितीचे महत्त्व वेगळेच आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आसपास संपे. बडा ख्याल कसा आटपायचा ते गायकाने बघावे! उलट सात इंची स्पूलवर साधारण जाडीची १२०० फूट फीत मावते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ३२ मिनिटे चालते, आणि पावणेचार इंच या वेगाने ६४ मिनिटे. म्हणजे आलापाला आलापाइतका वेळ मिळाला. गावोगावच्या मैफली, कीर्तने, व्याख्याने हौशी मंडळींनी घरच्या यंत्रावर उतरवून ठेवली ती यामुळेच. या फितींच्या प्रती बहुधा झाल्याच नाहीत. जे आहे ते त्या एका स्पूलवर आहे.

माझे या विषयाकडे वळणे याच कारणाने झाले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पत्रे, रोजनिशा, हस्तलिखिते असा ऐवज आमच्याकडे नाही. आजोबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत. ते माझ्या जन्माआधीच गेले. त्यांचे छायाचित्र एकच, तेही कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेले. मात्र गावातील एका गुरुजींकडे टेपरेकॉर्डर होता, आणि १९७८ सालच्या हरिनाम सप्ताहाचे एक स्पूल त्यांच्या घरच्यांनी आम्हांला दिले. डब्यावर साल आणि ‘काल्याचे कीर्तन’ एवढीच अक्षरे. स्पूल आले, पण ते वाजवणार कशावर?

यंत्र नवे घ्यायचे तर आजही मिळते. रिव्हॉक्स कंपनीने १९७७च्या आपल्या बी ७७ या यंत्राची नवी आवृत्ती २०२४ साली काढली. पण तिची किंमत लाखांच्या घरात असल्याने तिला दुरूनच नमस्कार. आपला आधार म्हणजे जुना बाजार, भंगारवाले आणि ओळखीपाळखीचे माळे. तेथे यंत्र पाहताना बाहेरच्या चकचकीवर जाऊ नये. हेडावरून नख फिरवून पाहावे. फितीने तेथे खोल खाच पाडली असेल तर हेड झिजले असे समजावे. फीत ओढणारा रबरी रोलर दगडासारखा टणक झालेला नसावा. आतला रबरी पट्टा पुष्कळदा डांबरासारखा वितळलेला असतो, पण तो बदलता येतो, तेवढ्यासाठी सौदा मोडू नये. आणि वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम प्लगमध्ये खुपसू नये. शंभर वॉटच्या जुन्या दिव्याच्या सिरीजमधून वीज द्यावी. दिवा भगभगून पेटलेलाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे, आणि ते कळण्याची किंमत निदान यंत्र जळण्याइतकी पडत नाही.

आमचे यंत्र वडिलांच्या दुकानात भंगारातून आले. अण्णांचे तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे. मी यंत्राची बटणे न्याहाळत होतो तेव्हा त्यांनी ते उलटे करून मागची पट्टी वाचली. ११७ व्होल्ट, ६० सायकल. “व्होल्टाचं ट्रान्सफॉर्मर बघेल, सायकलचं कोण बघणार?” असे ते म्हणाले. हा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकाआधी त्यांच्याकडून कळला. आपली वीज ५० सायकलची. ज्या यंत्रातली मोटार विजेच्या सायकलींवर फिरते, ते अमेरिकेतले यंत्र येथे सहाला पाच या वेगाने चालते. तासाचे कीर्तन ७२ मिनिटे रेंगाळते आणि बुवांचा आवाज हार्मोनियमच्या तीन पट्ट्या खाली उतरतो. शिवाय मोटार तापते. अण्णांनी टर्नरकडून मोटारीसाठी मूळच्या १.२ पट व्यासाची पितळी पुली करून घेतली, म्हणजे वेग परत बरोबर. ज्यांच्या घरी असे अण्णा नाहीत त्यांनी ५० सायकल लिहिलेलेच यंत्र घ्यावे.

आता फीत. तिची रुंदी पाव इंच, पण त्या पाव इंचात आवाज किती पट्ट्यांत मांडला आहे हे यंत्रायंत्रावर अवलंबून असते. जुन्या घरगुती यंत्रांत पुष्कळदा दोन ट्रॅक असत. वरच्या अर्ध्यात जाताना ध्वनिमुद्रण, मग स्पूल उलटवून उरलेल्या अर्ध्यात. नंतरच्या स्टिरिओ यंत्रांत चार ट्रॅक आले, आणि त्यांतले पहिला व तिसरा एकाच वेळी वाजतात. आता दोन ट्रॅकांची फीत चार ट्रॅकांच्या यंत्रावर लावली तर मोठी गंमत होते. डाव्या कानात अभंग सुरळीत चालू असतो आणि उजव्या कानात कोणीतरी शेवटाकडून सुरुवातीकडे बोलत असते! यंत्र बिघडलेले नसते. तिसऱ्या ट्रॅकच्या जागी मागची बाजू उलटी ऐकू येत असते. एरवी उजवा आवाज बंद करून ऐकावे. पण संगणकात उतरवताना दोन्ही घ्यावेत आणि उजवा तेथे उलटा फिरवावा. एका फेरीत दोन्ही बाजू हाती येतात.

फेऱ्या वाचवणे हेच येथे मुख्य. जुनी फीत आणखी किती वेळा वाजेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून पहिले वाजवणे तेच उतरवून घेणे, असा नेम ठेवावा. फीत लावण्याआधी संगणकाची जोडणी तयार हवी, आणि एखादी टाकाऊ फीत वाजवून यंत्राची परीक्षा झालेली हवी. हेड आणि धातूचा कॅपस्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा. रबरी रोलरला मात्र साबणाच्या पाण्याचे ओलसर फडके पुरे. उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ही अभिलेखागारांत चालणारी मोजमापे ठेवावीत. जागा जास्त लागते, लागू द्यावी.

फीत हातात घेतल्यावर आधी तिची जात ओळखावी. स्पूल उजेडासमोर धरावे. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती बहुधा ॲसिटेटची. ही ठिसूळ असते, तुटली तर कडकन तुटते, पण ताणली जात नसल्याने जोडता येते. तिला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ती कुजू लागली आहे असे समजून लगेच उतरवून घ्यावी. उजेड दिसला नाही तर पॉलिएस्टर. ही सहसा तुटत नाही, ताणली मात्र जाते, आणि ताणलेला आवाज पुन्हा सरळ होत नाही. पाठीवर काळा लेप असलेल्या, १९७० ते १९९०च्या दरम्यानच्या काही पॉलिएस्टर फिती हवेतला ओलावा पिऊन चिकट होतात. हेडांवर चिकट राप साचतो, फीत किंचाळते. अशी फीत तत्क्षणी थांबवावी. तिच्यावर ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित उष्णतेचा उपाय आहे, पण तो जाणकाराकडूनच करवून घ्यावा. ॲसिटेटला तर तो मुळीच करू नये. आपल्या पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपकेही दिसतात. अशी फीत साफ झाल्याखेरीज यंत्राला लावू नये.

तुटलेली फीत जोडायला घरातली साधी चिकटपट्टी वापरणे हा गुन्हा समजावा. तिचा डिंक पाझरतो आणि शेजारचे वेढेही चिकटवतो. जोडायची वेगळी पट्टी मिळते. दोन्ही टोके तिरपी, ४५ अंशांत कापून ती मागच्या बाजूने लावायची. तिरपी यासाठी, की जोड हेडाखालून हळूहळू सरकावा, ‘टक्’ असा आवाज होऊ नये.

आमचे स्पूल ॲसिटेटचे निघाले, सुदैवाने वास नसलेले. एकदाच लावले. सुरुवातीला नुसती खरखर, मग टाळ, मग बुवांचे निरूपण. तिसाव्या मिनिटाच्या सुमारास अभंग लागण्याआधी क्षणभर शांतता होते, बुवा पखवाज लागला का असे विचारतात, आणि एक आवाज म्हणतो, “थांबा, कणीक जरा ओली करतो.” अण्णा मागे उभे होते. “परत लाव,” म्हणाले. फीत मी पुढे चालूच ठेवली. ती संपल्यावर संगणकातून ते वाक्य त्यांना किती वेळा ऐकवले याचा हिशेब ठेवला नाही.

वाजवून झालेली फीत उलट गुंडाळून ठेवू नये, शेवट बाहेर राहील अशीच ठेवावी. शेजारच्या वेढ्यातला आवाज पुसटसा उमटतो हा फितीचा जुना दोष आहे. शेवट बाहेर असला की ती पुसट छाया बहुतांशी मूळ आवाजानंतर पडते आणि त्यातच झाकून जाते, आधी येऊन कानाला खुपत नाही. पुन्हा वाजवण्याआधी फीत सुरुवातीपर्यंत गुंडाळावी लागते, त्यानेही छाया थोडी कमी होते. डबा पुस्तकासारखा उभा ठेवावा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब. डब्यावर वेग, ट्रॅक, साल आणि आवाज कोणाकोणाचा ते लिहावे. आमच्या डब्यावर अण्णांनी आता पखवाजवाल्याचे नाव लिहिले आहे.